हजारपैकी किती?

विद्यापीठांच्या मैदानावरील यशाची मोजदाद आपल्याकडे जुनी आहे. क्रीडा कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून सुरू आहे. मात्र ते खेळाडू अभ्यासात कुठवर पोहोचले, हे हा करंडक विचारत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची संघटना एन.सी.ए.ए. हिने २००४ च्या सुमारास त्याचेही मोजमाप सुरू केले. त्या मापाला आपण ‘प्रगती-अंक’ म्हणू.

रीत सोपी आहे. शिष्यवृत्तीवरील प्रत्येक खेळाडूला दर सत्रात दोन गुण मिळू शकतात : एक महाविद्यालयात टिकल्याचा, दुसरा अभ्यासात पात्र राहिल्याचा. संघाला मिळालेल्या गुणांना मिळू शकणाऱ्या गुणांनी भागायचे आणि १००० ने गुणायचे. चार वर्षांचा हिशोब एकत्र धरतात. २०११ मध्ये ९३० ही किमान रेषा ठरली. तिचा अर्थ, साधारण निम्मे खेळाडू पदवीपर्यंत पोहोचतील. कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ खाली राहिला, म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. २०१४ मध्ये तोच संघ विजेता झाला! या अंकाला धाक आहे, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पण दोन संघांची तुलना करताना काय होते? बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात वैयक्तिक आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवले. जिल्ह्यात तिरंदाजीचे आकर्षण वाढावे असेच हे यश. समजा, इथल्या एका महाविद्यालयात चार तिरंदाज आणि बारा कबड्डीपटू आहेत. दोन्ही संघांतील एकेका खेळाडूने राष्ट्रीय शिबिरासाठी एक सत्र सोडले. तिरंदाजांना वर्षात १६ पैकी १४ गुण, म्हणजे ८७५. कबड्डीला ४८ पैकी ४६, म्हणजे ९५८. घटना एकच, पण एक संघ नापास आणि दुसरा पास! बाकीची तीन वर्षे निर्दोष गेली, तर अंक अनुक्रमे ९६९ आणि ९९० होतात. दरी कमी होते, मिटत नाही. ती अभ्यासातली नसून संघाच्या आकारातली आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. टिकणे आणि पात्र राहणे म्हणजे शिकणे नव्हे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षे असे अभ्यासक्रम चालले, की ज्यांचे वर्ग भरतच नसत. एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार सुमारे ३१०० विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. अशा गुणांनी पात्रता टिकते, प्रगती-अंकही चढतो. अंकाला बक्षीस किंवा शिक्षा जोडली, की सोपी वाट शोधली जाते. क्रीडा सवलतीच्या गुणांचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे सांगायला नको.

मग माप टाकून द्यावे का? नाही. खेळाडूंच्या शिक्षणाकडे पाहणारे माप आपल्यालाही हवे. मात्र अंकाशेजारी संघातील खेळाडूंची संख्या लिहावी, त्याच महाविद्यालयातील इतर विद्यार्थ्यांशी तुलना करावी आणि शिबिरासाठी गेलेल्याला फेरपरीक्षेची संधी मिळाली का, हेही नोंदवावे. शिबिराला गेलेला विद्यार्थी आणि शिक्षण सोडून गेलेला विद्यार्थी यांना एकच शून्य देणारे माप शिक्षकाच्या उपयोगाचे नाही.

वरील उदाहरण गणिताच्या तासाला जरूर घ्या. संघ वीस जणांचा असता तर अंक किती आला असता, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्या.