'स्पंदित रेणुशलाका' : एका संज्ञेचे परीक्षण

भौतिकशास्त्राच्या मराठी लेखनात 'बीम' या शब्दास 'शलाका' हा पर्याय आता स्थिरावला आहे; मराठी विश्वकोशातील 'इलेक्ट्रॉन शलाका' हा प्रयोग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याच धर्तीवर 'पल्स्ड मॉलिक्युलर बीम' याचे 'स्पंदित रेणुशलाका' असे रूप सहज सिद्ध होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु वायूच्या वर्तनाचे यथार्थ दर्शन त्यातून घडते काय?

शलाका म्हणजे सळई : सरळ, अखंड, आरंभापासून अखेरपर्यंत एकरूप. येथे वस्तुस्थिती निराळी आहे. उच्च दाबाचा वायू नॉझलमधून निर्वातात शिरतो तेव्हा प्रथम रेणूंच्या असंख्य टकरी होतात. त्या टकरींतून त्यांची सैरावैरा गती एकाच दिशेकडे वळते, वायू कमालीचा थंडावतो व स्वनातीत वेग धारण करतो. पुढे घनता घटून टकरी जवळजवळ थांबतात. मग स्किमरच्या धारदार छिद्रातून मधला गाभा तेवढा पलीकडे जातो. टकरींच्या या पूर्वार्धास 'झोत' हा साधा मराठी शब्दच शोभतो. 'शलाका' ही उत्तरार्धाची संज्ञा होय.

'स्पंदित' हे विशेषण तर अधिकच फसवे आहे. हृदय स्पंदते, म्हणजे एकच वस्तू टिकून राहते व कमीअधिक होते. येथे टिकून राहणारे काहीच नसते. ३०० केल्व्हिन तापमानाचा हीलियम सेकंदास सुमारे १,७६० मीटर वेगाने धावतो. झडप १०० मायक्रोसेकंद उघडी राहिली, तर सुटणारा वायुपुंज जेमतेम १८ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही लांब नसतो. पुढचा पुंज सुटेपर्यंत आधीचा पंपाने ओढून नेलेला असतो. पंपावरील भार हलका होतो तो यामुळेच. उलटपक्षी झडप फारच अल्पकाळ उघडली, तर प्रवाह पूर्णत्वास पोहोचत नाही व वायू पुरेसा थंडावत नाही. 'स्पंदित' या शब्दात या आरंभ-अंताची चाहूलही नाही.

दोष पूर्वसूरींचा नव्हे. दाते व कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ साली पुण्यात निघाला. नॉझलमधून अशी शलाका मिळविण्याची कल्पना कँट्रोविट्झ व ग्रे यांनी १९५१ साली मांडली. आज मात्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा थंड झोतांतून हायड्रोजन-बंधांचा अभ्यास झालेला असता, सबब उरत नाही.

आमच्या मते नॉझलपाशी 'झोत', स्किमरपलीकडे 'शलाका' आणि प्रत्येक सुट्या उत्सर्जनास 'वायुपुंज' म्हणावे. संज्ञा एकच ठेवली, तर टकरी कोठे संपतात हा प्रश्नच विद्यार्थ्याच्या मनात उद्भवणार नाही. आणि या विषयाचे मर्म तर त्याच प्रश्नात आहे.