भिंती बोलतात, छपराचे काय?
शाळेची इमारतच शैक्षणिक साधन व्हावी, ही वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांची ‘बाला’ कल्पना मोलाची आहे. दार उघडताना कोन दिसतो, खिडकीच्या गजांवर आकार गिरवता येतात. पण तिचा अर्थ ‘भिंती रंगवा’ एवढाच घेतला, तर बीडसारख्या जिल्ह्यात मुख्य प्रश्न राहूनच जातो. बीड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर. एप्रिलच्या मध्यास, माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८० अंश वर असतो. म्हणजे ऊन भिंतींपेक्षा छपरावरच अधिक. तापलेल्या पत्र्याची उष्णता खाली मुलांच्या डोक्यावर येते. मग गणितात लक्ष कसे लागावे? दोन सारख्या खोल्यांपैकी एकीच्या पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. दोन्हींचे तापमान मुलांनाच रोज मोजू द्या. तीही ‘बाला’च!