छायाचित्र म्हणजे संरक्षण नव्हे

लोणंदहून पाचगणीला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी टेबललँडवरचा तांबूस, सच्छिद्र दगड पाहिला असेल. तो जांभा. लोणंद परिसरातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. उष्ण व दमट हवेत त्याची दीर्घकाळ झीज झाली, की सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात आणि जांभा बनतो. घाट उतरून कोकणात गेलो, की याच जांभ्याचे विस्तीर्ण सडे लागतात. त्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, मानवाकृती, एवढेच नव्हे तर आज कोकणात नसलेला एकशिंगी गेंडाही कोरला आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

याच जांभ्यातून घरबांधणीचा चिरा निघतो. शिल्पांची खोली बहुधा काही सेंटिमीटरच असते. खाणयंत्र सडा वरून खाली कापत जाते, त्यामुळे पहिल्याच थरात शिल्प नाहीसे होते. चिरेखाणी, रस्ते आणि जमिनीचे सपाटीकरण यांत काही शिल्पे अशी गेली आहेत.

यावर एक समाधान नेहमी ऐकायला मिळते: मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, म्हणजे ज्ञान तर वाचले! आम्हांला हे पटत नाही.

या शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत मानतात. ही व्याप्ती हजारो वर्षांची आहे. ती कमी कशी करणार? कोरलेल्या रेषेत कालमापनासाठी कार्बन नसतो. पुरावा शोधायचा तो भोवतालची दगडी हत्यारे, मातीचे थर आणि कातळाची झीज यांत. छायाचित्रात यांतले फारसे काही येत नाही. देवाचे गोठणे येथील शिल्पापाशी होकायंत्राची सुई विचलित होते. त्याचे कारण तपासायचे, तर मूळ कातळ जागेवर हवा.

ऑस्ट्रेलियातील जूकन घळीचे उदाहरण बोलके आहे. तेथील शैलाश्रयात ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. २०१४ च्या उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा, केसांच्या वेणीचा तुकडा मिळाला. नोंदी उत्तम झाल्या. तरीही मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी तो शैलाश्रय सुरुंगाने उडवला गेला, आणि तोही कायदेशीर परवानगीने.

रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा बांधला, हे कौतुकास्पदच आहे. मात्र कठडा हीच संरक्षणाची सीमा मानली, तर चित्र वाचेल आणि त्याचा काळ सांगणारा सडा जाईल. चिरा नको, असे आमचे म्हणणे नाही. त्यावर अनेकांची पोटे आहेत. खाणीचा परवाना देण्यापूर्वी संपूर्ण सड्याची पाहणी व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मैदानातल्या एका दगडाचे छायाचित्र काढून मुलांना द्यावे आणि त्याचे वजन, कठीणपणा, चुंबकत्व, त्याच्याखालची माती यांविषयी प्रश्न विचारावेत. किती उत्तरे मिळतात ते मोजावे. मग मुलांना मैदानात न्यावे.