‘केल्टिक’ संगीत आणि अमेरिकन लोकगीत : एका कथागीताचा अटलांटिक प्रवास

समकालीन ‘केल्टिक’ संगीत आणि अमेरिकन लोकसंगीत यांच्या मिलाफाचे वर्णन बहुधा दोन प्रवाहांच्या संगमाच्या प्रतिमेतून केले जाते. ‘द चीफटन्स’ या आयरिश वाद्यवृंदाने नॅशव्हिलच्या कलावंतांसमवेत सिद्ध केलेला ‘अनदर कंट्री’ (1992) हा ध्वनिसंग्रह आणि 1995 मध्ये सुरू झालेली ‘ट्रान्सअटलांटिक सेशन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका हे या मिलाफाचे प्रातिनिधिक आविष्कार होत. त्यांचे कलात्मक मोल वादातीत आहे. मात्र संगमाच्या प्रतिमेमागे एक गृहीतक दडलेले असते. एका बाजूस प्राचीन व शुद्ध उगम, दुसऱ्या बाजूस त्याची स्थलांतरित शाखा आणि नवे संगीत म्हणजे त्या दोहोंची पुनर्भेट, असे ते गृहीतक होय. उगम, प्रभाव आणि स्वीकार ही साखळी वाङ्मयीन तुलनेतही अशाच सहजतेने वापरली जात असल्याने ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

‘केल्टिक’ ही संज्ञा या संदर्भात मुळात भाषाशास्त्रीय आहे. एडवर्ड लुइड यांच्या 1707 मधील ग्रंथाने आयरिश, वेल्श, ब्रेटन आदी भाषांमधील आप्तसंबंध मांडला. मॅथ्यू आर्नल्ड यांनी 1867 मध्ये केल्टिक वाङ्मयावरील व्याख्याने ग्रंथरूपात आणली, तेव्हा या भाषिक कुलनामाला भावविवशता, विषण्णता आणि निसर्गाची ओढ असा एक स्वभावही चिकटला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रण व्यवसायाने हे नाव विक्रीच्या वर्गवारीसाठी उचलले. अठराव्या शतकात अल्स्टरमधून ॲपलेशियन डोंगरपट्ट्यात गेलेल्या लोकांनी जी गीते सोबत नेली, ती मात्र प्रामुख्याने स्कॉट्स व इंग्रजी या जर्मानिक भाषांतील होती. नाव एका भाषाकुलाचे आणि गीत दुसऱ्या कुलाचे, हा विसंवाद येथे प्रारंभीच नोंदवावयास हवा.

‘द हाउस कार्पेंटर’ या कथागीताच्या प्रवासात हा विसंवाद ठळकपणे दिसतो. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या संकलनात (1882–1898) एकूण 305 कथागीते असून त्यांत याचा क्रमांक 243 आहे. याची ज्ञात असलेली सर्वांत जुनी संहिता कोणा डोंगराळ गायकाची नाही. ती 1657 मध्ये लंडनमध्ये नोंदवल्या गेलेल्या एका छापील गीतपत्रिकेची आहे. विवाहित स्त्रियांना इशारा देण्याच्या हेतूने लिहिलेल्या त्या दीर्घ गीतात मृत खलाशाचा आत्मा परत येतो, पूर्वीच्या प्रेयसीला घेऊन जातो आणि तिचा सुतार नवरा गळफास घेतो. स्कॉटिश मौखिक रूपांत हाच आत्मा सैतान होतो. जहाजावर चढल्यानंतर स्त्रीला त्याचे दुभंगलेले खूर दिसतात. दूरवर स्वर्गाचे आणि नरकाचे डोंगर दिसतात.

अमेरिकन रूपांत अतिमानवी अंश बव्हंशी गळून पडतो. परत आलेला प्रियकर आता केवळ माणूस आहे. जहाजाला भोक पडते ते सैतानाच्या आघाताने नव्हे. ते आपसूकच पडते. स्त्री रडते ती मागे टाकलेल्या तान्ह्या मुलासाठी. ही परंपरेची झीज आहे, असे मत अनेकदा मांडले गेले. वास्तविक भयाचे केंद्र येथे परलोकातून घराच्या उंबरठ्यावर आले आहे. दैवी शिक्षेची चौकट गेल्यामुळे तिच्या निर्णयाचा भार सर्वस्वी तिच्यावर येतो, आणि श्रोत्याला तिचा निवाडा करणेही अवघड होते. ज्याला झीज म्हटले गेले, ती एक पुनर्रचना आहे.

क्लॅरेन्स ॲशली यांनी 1930 मध्ये हे गीत बँजोच्या साथीने ध्वनिमुद्रित केले आणि हॅरी स्मिथ यांच्या 1952 च्या संकलनामुळे ते नव्या पिढीपर्यंत पोहोचले. 1969 मध्ये ‘पेंटँगल’ या ब्रिटिश वृंदाने ते गायले, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकन रूप होते. ग्लासगोत जन्मलेल्या बर्ट जान्श यांच्या हाती बँजो होता, तर जॉन रेनबोर्न यांच्या हाती सतार. म्हणजे गीत ‘मायदेशी’ परतले ते परक्या वाद्यांसह आणि बदललेल्या कथेसह. 2002 मध्ये ‘निकेल क्रीक’ या कॅलिफोर्नियातील वृंदाने ते पुन्हा गायले. या आवर्तनात उगम कोणता आणि स्वीकार कोणता, हे सांगणे अशक्य होते.

बँजोचा प्रश्न तर अधिक मूलगामी आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून हे वाद्य घडले. 1840 च्या दशकात गोऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ कलावंतांनी ते ब्रिटन व आयर्लंडमध्ये नेले. पुढे ‘द डब्लिनर्स’च्या बार्नी मॅकेना यांनी चार तारांच्या बँजोला फिडलच्या एक सप्तक खालचा मेळ देऊन आयरिश नृत्यधुनांत त्याचे स्थान पक्के केले. आज जो नाद ‘आयरिश’ म्हणून ओळखला जातो, त्यात आफ्रिकन स्मृती आहे. मात्र ‘केल्टिक’ या नावात तिला जागा नाही. ऱ्हायनन गिडन्स यांचे गायन-वादन आणि 2017 मध्ये ब्लूग्रास संगीतसंस्थेपुढे त्यांनी केलेले भाषण या वगळणुकीकडेच लक्ष वेधते.

ही वगळणूक संकलनाच्या टप्प्यावरच सुरू होते. सेसिल शार्प यांनी 1916 ते 1918 या काळात ॲपलेशियात गीते गोळा केली, ती मुख्यत्वे गोऱ्या गायकांकडून. आणि त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात ती ‘इंग्लिश’ ठरली. त्याच भांडारातील गीते शतकाच्या अखेरीस ‘केल्टिक’ म्हणून विकली गेली. गीत तेच राहून कुलनाम बदलते, तेव्हा ते नाव गीताविषयी कमी आणि नाव देणाऱ्याच्या गरजेविषयी अधिक सांगते. मराठी अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. चाइल्ड यांचे खंड प्रसिद्ध होत असतानाच हॅरी ॲकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत पोवाड्यांचा संग्रह केला आणि 1894 च्या इंग्रजी अनुवादात पोवाड्याला ‘बॅलड’ म्हटले. शाहिराचे सादरीकरण, डफ-तुणतुण्याची साथ आणि बिदागीचे अर्थकारण या नावाच्या बाहेरच राहिले.

म्हणून अशा संगीताच्या अभ्यासात दोन परंपरांमधील साम्य शोधण्यापूर्वी त्या ‘दोन’ आहेत हे कोणी, केव्हा आणि कोणाला वगळून ठरवले, हा प्रश्न विचारला पाहिजे. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर घडत राहिलेले हे गीत त्याचे उत्तर आपल्या बदलत्या संहितेत आणि बदलत्या वाद्यमेळात बाळगून आहे.