एका पेल्याचे रसग्रहण

नाटकाला समीक्षक असतो, सिनेमाला असतो, हल्ली तर मिसळीलाही असतो. पण मद्यालयाचं रसग्रहण करायला आपल्याकडचा चारचौघांतला माणूस धजावत नाही. कारण उघड आहे. रसग्रहण करायचं म्हणजे तिथे गेल्याचं आधी कबूल करावं लागतं. 'नाटक वाईट होतं' असं घरी येऊन सांगता येतं. 'बार वाईट होता' असं सांगितलं, तर सौभाग्यवतींना त्यातला 'होता' एवढाच शब्द ऐकू येतो.

तरी हे धाडस करतोय, कारण मी तिथे आपण होऊन गेलो नव्हतो. मला पाठवण्यात आलं होतं. (असं प्रत्येक पिणारा म्हणतो, हे मला ठाऊक आहे.) माझी आणि बापूची सत्तरी एकाच महिन्यात आली. भाच्याने फर्मान काढलं, "मामा, दरवेळी काय ते दादरचं परमिट रूम? लोअर परळला एक कॉकटेल बार आहे. टेबल बुक केलंय. शनिवारी साडेसात ते साडेनऊ."

त्यातलं 'ते साडेनऊ' तेव्हाच कानाला खटकायला हवं होतं.

आमच्या दादरच्या परमिट रूमबद्दल इथे दोन शब्द लिहिणं भाग आहे, कारण समीक्षकाचा मानदंड काय, हे वाचकाला कळलं पाहिजे. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना सक्तीचा केला आणि परवानेवाल्यांनी बसायच्या खोलीला हे नाव पडलं. कायदा अजून आहे, नावही आहे. परवाना बघायला मागणारा मात्र मला तीस वर्षांत भेटलेला नाही. तिथलं टेबल कायम ओलं असतं. चणे कडक असतात. वेटर आम्हाला 'काका' म्हणतो आणि तिसऱ्या पेगला 'बस ना आता?' असं विचारतो. या जागेचा एकच गुण सांगण्याजोगा आहे. तिथे बोललेलं ऐकू येतं.

तर शनिवारी आम्ही निघालो. टॅक्सीवाल्याने कुठल्याशा नव्या रस्त्याने, उंच इमारतींच्या मधून आम्हाला नेलं आणि एका दगडी भिंतीशी सोडलं. पगडीवाल्या दरवानाने दार उघडून कडक सलाम ठोकला. मी आत शिरलो आणि मागे बघतो तो बापू बाहेरच. मान वर करून एका विटांच्या धुराड्याकडे बघत उभा.

"अरे," तो म्हणाला, "ही बाबांची गिरणी."

बापूचे वडील साचेखात्यात होते. बापू आणि मी करी रोडच्या एकाच चाळीतले. माझे वडील पोस्टात, त्याचे गिरणीत. शाळा सुटली की बापू जेवणाचा डबा घेऊन गेटापर्यंत धावायचा. गेटाच्या आत पोरांना मज्जाव. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत त्याचे वडील. ते परत आत गेलेच नाहीत. म्हणजे ज्या गेटाशी बापू दहा वर्षं डबा घेऊन उभा राहिला, त्या गेटाच्या आत तो सत्तराव्या वर्षी प्रथमच चालला होता, आणि तेही सलाम घेऊन.

आता समीक्षेकडे वळतो. प्रकाशयोजना : नाही. प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती, आणि तीही आपल्याच उजेडाला लाजल्यासारखी. लोखंडी खांब जुनेच ठेवले आहेत, भिंतींचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्या आहेत. आमच्या चाळीत त्या विटा आपोआप उघड्या पडल्या होत्या. मालकाने त्याचे पैसे घेतले नाहीत, एवढाच फरक. आसनव्यवस्था : उंच, गोल, पाठ नसलेली स्टुलं. त्यांवर चढायला बापूला मी आणि मला वेटर, असा तीन मजली प्रयोग करावा लागला. "सर, यापूर्वी आमच्याकडे आला होतात का?" असं वेटरने इंग्रजीत विचारलं. बापू म्हणाला, "गेटापर्यंत."

मेनूकार्ड म्हणजे स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. दारूचं नाव शेवटी येतं, आधी ललित गद्य. एका पेयात कोकम आणि तिरफळ होतं. तिरफळ! बांगड्याच्या आमटीतून जे मी आयुष्यभर निवडून ताटाच्या कडेला ठेवलं, ते इथे साडेनऊशे रुपयांना प्यायचं होतं. पण मला हसता येईना, कारण हे असंच चालत आलेलं आहे. गोऱ्या साहेबाने ज्याला 'पंच' म्हटलं, तो शब्द पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्याच 'पाचा'वरून घेतला, असं बरेच कोशकार मानतात. आणि 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची जी व्याख्या दिली, तिच्यात चारच गोष्टी होत्या : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्या चारांवर सव्वादोनशे वर्षांत लोक काहीबाही घालत आले, तर आपल्या तिरफळानेच काय घोडं मारलं?

शेवटच्या पानावर बापूचं बोट थांबलं. पेयाचं नाव होतं 'नाइट शिफ्ट'. खाली लिहिलं होतं की, गिरणगावाच्या धुरकट रात्रींना ही मानवंदना आहे. किंमत अकराशे पन्नास.

"हेच," बापू म्हणाला.

पेला आला तो काचेच्या घुमटाखाली. वेटरने घुमट उचलला, धूर बाहेर आला, शेजारच्या टेबलावरच्या मुलीने त्याचा फोटो काढला. बापूने धूर विरेपर्यंत वाट पाहिली आणि मग माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "धूर चिमणीतून वर जायचा रे! आत धूर नसायचा! आत कापूस असायचा!"

ओरडून, कारण एव्हाना संगीत सुरू झालं होतं. संगीत हा शब्द मी सवयीने वापरतोय. छातीच्या फासळ्यांवर कुणी मोगरी मारावी तसा तो प्रकार होता. समोरासमोर बसून मला बापूचा एक शब्द ऐकू येईना. सत्तर वर्षांचे दोन मित्र, बोलायला आलेले, आणि दोघांची तोंडं नुसती हलताहेत. आणि मग बापूने हातवारे सुरू केले. मला वाटलं, चढली. पण ती काही भलतीच भाषा होती. दोन बोटं कापल्यासारखी हलवली : सूत तुटलं. मूठ कानाशी : जॉबर आला. पंजा तोंडाकडे : डबा. साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून साचेवाले खुणांनी बोलत, आणि बापूचे वडील घरी जेवतानाही त्याच खुणा करत. लहानपणी आम्ही त्यांना हसायचो. बोलायचे ते इतके मोठ्याने की, त्यांच्या घरातलं गुपित पहिल्या मजल्यावर आधी कळायचं. कान गेले होते त्यांचे. तिथे बसून आम्ही तासभर खुणांनी बोललो. आसपासच्या तरुण मंडळींना ते बहुधा मेनूतलंच काही वाटलं असावं.

वातानुकूलन मात्र उत्तम होतं. त्यावरही बापूने खूण केली : बनियन पिळल्याची. सूत तुटू नये म्हणून साचेखातं मुद्दाम दमट ठेवत. जिथे आम्ही शाल आणायला हवी होती असं म्हणत होतो, तिथे माणसं घामाने निथळत उभी राहिली होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली नाही तर समीक्षक म्हणून मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पेय चांगलं होतं. चांगलं म्हणजे फारच चांगलं. पेल्यात बर्फाचा एकच चौकोनी ठोकळा, आरपार दिसणारा. आम्ही तो काचेचा समजलो. तेव्हा पेय बनवणारा अल्मोड्याचा मुलगा स्वतः आला आणि गाणं संपल्यावर मिळालेल्या दीड मिनिटात त्याने सगळं समजावून सांगितलं. बर्फ एकाच बाजूने हळूहळू गोठवला की हवा आणि गढूळपणा दुसऱ्या टोकाला ढकलला जातो. ते टोक कापून टाकायचं. मोठा ठोकळा सावकाश वितळतो, म्हणून पेय पाणचट होत नाही. फळांचा रस असेल तर खळखळून हलवायचं, नुसती मद्यं असतील तर चमच्याने ढवळायचं. बोलताना त्याचे हात थांबत नव्हते. माप, लिंबाची साल, फडकं, पुन्हा माप. ड्यूटी दुपारी चारला सुरू, सुटायला पहाटेचे तीन. दिवसभर उभंच. बापूने त्याला विचारलं, "कान दुखत नाहीत?" तो हसला आणि खिशातून कापसाचे दोन बोळे काढून दाखवले.

बापू त्या बोळ्यांकडे बघत राहिला.

साडेनऊला पाच कमी असताना वेटर अदबीने वाकला. टेबल पुढच्या मंडळींना दिलेलं होतं. बापूने घड्याळ पाहिलं. "पाळी सुटली," तो म्हणाला आणि स्टुलावरून उतरायला त्याने माझ्याकडे हात केला.

बिलाबद्दल फार लिहीत नाही. ते भाच्याने भरलं. दारूवर व्हॅट, खाण्यावर जीएसटी आणि वर सेवाशुल्क, म्हणजे न मागितलेल्या तीन खुणा.

बाहेर आल्यावर बापू गेटापाशी थांबला. डबेवाल्या पोरांची रांग कुठे लागायची ते त्याने मला दाखवलं. तिथे आता गाड्यांच्या किल्ल्या घेणारा माणूस बसतो. त्याने आमच्याकडे हात पुढे केला. आमच्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

टॅक्सीत भाच्याचा फोन आला. बारकडून त्याला विचारणा आली होती, अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे किती?

"बर्फाला पाच दे म्हणावं," बापू म्हणाला. "त्या पोराला पाच. आणि स्टुलांना पाठ नव्हती, तेवढं लिही."