विंडोज आणि मॅक : मराठी नामलेखनाच्या दृष्टीने

विंडोज आणि मॅक या दोन ऑपरेटिंग सिस्टिमांची तुलना गेली चाळीस वर्षे चालू असली, तरी ती बहुधा दर्शनी भागापाशीच घोटाळत राहिली आहे. अ‍ॅपलने 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केलेला आणि 1994 मध्ये अपिलातही हरलेला दावादेखील दर्शनी साम्याविषयीच होता. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या अक्षराशी प्रणाली कशी वागते, हा प्रश्न मात्र मागे पडला. फाइलचे नाव ही या प्रश्नाची उत्तम कसोटी होय. कारण फाइलमधील मजकूर लेखनाच्या साधनाच्या स्वाधीन असतो, तर नाव थेट प्रणालीच्या स्वाधीन असते.

‘दऱ्या’ या शब्दातील, पुढच्या य ला आडवा जोडला जाणारा र हे मराठीचे वैशिष्ट्य आहे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्यास हलन्तचिन्ह जोडणे. इनस्क्रिप्ट कळफलकावर या अक्षराला स्थान आहे. दुसरा, साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. शिवाय पहिल्या मार्गातील ऱ हे अक्षर म्हणजे र आणि नुक्ता यांचे संयुक्त रूप, असेही युनिकोड मानते. ही सर्व रूपे पडद्यावर सारखीच दिसावीत अशी अपेक्षा असते. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न अंकमालिका आहेत.

विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. तिची वृत्ती पोथीच्या प्रामाणिक नकलकाराची आहे. जे संकेतांक हाती आले ते ती जसेच्या तसे उतरवून ठेवते. त्यामुळे एकाच फोल्डरात ‘दऱ्या’ या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदू शकतात आणि त्यांतील भेद कोणाही वाचकास दिसत नाही. मॅकवर 1998 मध्ये आलेल्या एचएफएस प्लसची वृत्ती संपादकाची. ती प्रत्येक नाव एका ठरावीक विघटित रूपात आणून मगच नोंदवी. ऱ दिला, की र आणि नुक्ता असा त्याचा विग्रह होई.

एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठशुद्धीची गरज मराठी अभ्यासकास नव्याने पटवून द्यावी लागत नाही. आधुनिक संपादकाकडून मात्र आणखी एक अपेक्षा असते, ती म्हणजे स्वीकारलेल्या पाठाबरोबर टाकलेला पाठही नोंदवावा. एचएफएस प्लसने ही अपेक्षा पुरी केली नाही. मूळ लेखन कसे होते, याचा मागमूस तीत उरत नसे. मॅकवरून विंडोजवर गेलेले प्रकरण परत मूळ प्रतीशेजारी ठेवले, तर एकाच प्रबंधाच्या दोन प्रती समान दिसणाऱ्या नावांनी उभ्या राहत. आणि केवळ संकेतांकांची तुलना करणाऱ्या शोधसाधनास त्यांपैकी एकच सापडे.

याहून गंभीर दोष नावांच्या तुलनेत होता. दोन नावे एकच आहेत की नाहीत हे ठरविताना एचएफएस प्लस अदृश्य चिन्हे जमेस धरीत नसे. हेतू वाजवी होता. जे दिसत नाही त्याच्या बळावर दोन नावे वेगळी ठरू नयेत. परंतु मराठीत तेच जोडचिन्ह अर्थभेद करते. जोडचिन्हाने लिहिलेल्या डोंगरातील दऱ्या आणि रफार दिलेला समुद्र, म्हणजे दर्या, या प्रणालीत एकच ठरत. डोळ्यांना स्पष्ट दिसणारा भेद यंत्राने नाकारावा, हे नियमनाचे टोक होय.

म्हणून विंडोज निर्दोष ठरते असे नाही. डॉसच्या काळातील आठ अधिक तीन अक्षरांची आखूड नावे ती पुढेही पाठीमागे बाळगीत राहिली. डिसेंबर 2014 मध्ये गिट या साधनात उघडकीस आलेला सुरक्षादोष या दृष्टीने उद्बोधक आहे. गिटच्या राखीव फोल्डरच्या नावात अदृश्य चिन्ह घुसवून मॅकला फसविता येत होते, तर त्याच फोल्डरच्या आखूड नावाने विंडोजला. परक्याची संहिता उतरवून घेणाऱ्याच्या संगणकावर त्यामुळे नको त्या आज्ञा चालविणे शक्य झाले होते. एकीला अतिनियमन बाधले, दुसरीला जुन्याचा लोभ. (विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकणाऱ्यांना विंडोज फाइलचे नावच देऊ देत नाही, ही शिक्षा मात्र काहीशी इष्टच म्हणावी लागेल.)

2017 मध्ये मॅकवर आलेल्या एपीएफएसने मार्ग बदलला. नाव जसे दिले तसे ती जपते. तुलना करताना मात्र ऱ ची अखंड आणि विघटित रूपे समान मानते. नकलकाराची निष्ठा आणि संपादकाची जाण यांचा हा मेळ मराठीपुरता तरी विंडोजच्या केवळ नकलेहून सरस आहे. तथापि जुन्या डिस्कवरील फाइलींची नक्कल केली असता त्यांची नावे विघटित रूपातच नव्या डिस्कवर उतरतात. दोन दशकांचे संग्रह ज्या विभागांत मॅकवर साठले, तेथील सूचिकारास ऱ चा शोध दोन्ही रूपांनी घ्यावा लागतो.