कबुलीची मूस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात खिडकीची काच फुटली. "ज्याने फोडली त्याने कबूल करावे, त्याला सोडून देईन, नाहीतर सगळा वर्ग उन्हात उभा राहील," असे मी बजावले. एक मुलगा उठला, 'मी' म्हणाला. मी शब्द पाळला. काच त्याने फोडलीच नव्हती, हे मला महिन्याभराने कळले. तेव्हापासून आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' हे नाटक मी निराळ्या नजरेने वाचतो.

क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. १९५३ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची कथा १६९२ सालच्या अमेरिकेतील सेलमची. चेटकाच्या आरोपावरून तेथे १९ माणसे फासावर गेली. ज्यांनी 'होय, केले' असे म्हटले आणि त्यावर जे कायम राहिले, ते फासातून सुटले. खोटे बोला, जगा. खरे बोला, मरा!

जॉन प्रॉक्टर या शेतकऱ्यापुढे फाशीच्या पहाटे हाच सौदा येतो. पत्नी गरोदर, मुले लहान. तो तोंडाने कबुली देतो. दुसऱ्यांची नावे मात्र घेत नाही. चर्चच्या दारावर लावायच्या कागदावर सहीही करतो. पण तो कागद त्याच्याने देववत नाही. अखेर तो फाडून टाकतो आणि मरण पत्करतो.

प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण मिलरचे खरे सामर्थ्य त्याआधीच्या क्षणात आहे. 'काय करू?' या प्रश्नावर पत्नी एलिझाबेथ 'सही कर' म्हणत नाही, 'करू नको'ही म्हणत नाही. सामान्य नाटककाराने येथे तिच्या तोंडी लांबलचक भाषण घातले असते. दोर दुसऱ्याच्या गळ्यात असताना धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे?

एक उणीव मात्र बोचते. प्रॉक्टर आणि अ‍ॅबिगेल यांचे प्रेमप्रकरण मिलरने कल्पनेने रचले. इतिहासात तो साठीचा, तर ती अकरा-बारा वर्षांची. त्या पापाच्या टोचणीमुळे नकार हे प्रायश्चित्त बनते. म्हातारी रिबेका नर्स केवळ खोटे बोलवत नाही म्हणून मरते. तिच्या वाट्याला मोजकीच वाक्ये यावीत?

पुढे मिलरवरही हीच वेळ आली. १९५६ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने इतरांची नावे सांगण्याचे नाकारले. १९५७ साली तो दोषी ठरला. १९५८ साली अपिलात सुटला.

हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेतील आल्फर्ड नावाच्या आरोपीने 'खून मी केला नाही' असे सांगत, फाशी टाळण्यासाठी गुन्हा कबूल केला. विरुद्ध पुरावा भक्कम होता. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली वैध मानली. आपल्याकडेही २००६ पासून, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बऱ्याच गुन्ह्यांत 'प्ली बार्गेनिंग'ची सोय आहे. आरोपी स्वखुशीने आला आहे ना, हे न्यायाधीशाने त्याला एकांतात विचारायचे असते. खऱ्या दोषीला ही सोय लाभाची. पण निर्दोष माणसाने सही केली, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवले होते, ते पाहावे.

त्या मुलाला मी कारण विचारले. म्हणाला, "सगळ्यांना ऊन लागलं असतं, सर."

त्या दिवशी वर्गात कबुली द्यायची होती ती मी.